मलमार्ग की श्वासमार्ग? : सिंदीच्या सफाईकार्याचा पुनर्विचार

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत राहणारे गांधीजींचे सहकारी लगतच्या सिंदी या खेड्यात जाऊन रस्त्यावरील विष्ठा स्वतः उचलीत असत. विष्ठा ९ ते १२ इंचांपेक्षा खोल पुरू नये, मातीच्या वरच्या थरातच तिचे खत होते, हे डॉ. पुअर यांचे मत गांधीजींना मान्य होते. मराठीत अशा खतास ‘सोनखत’ म्हणतात. ज्या वस्तूच्या स्पर्शाने माणूस अस्पृश्य ठरविला जाई, तिलाच भाषेने सोन्याचे नाव द्यावे, हा विरोध लक्षणीय आहे.

तत्कालीन आरोग्यशास्त्रात रोगप्रसाराचे दोन मार्ग वेगळे मानले जात. पटकी व विषमज्वर विष्ठेने दूषित झालेल्या अन्नपाण्यातून येत, इन्फ्ल्यूएंझा श्वासावाटे. १९३३ साली इन्फ्ल्यूएंझाचा मानवी विषाणू हाती आला तोही रुग्णांच्या घशातील स्रावातूनच. पुढे हा भेद तितका काटेकोर राहिला नाही. पोलिओचा विषाणू घसा व आतडे या दोन्ही ठिकाणी वाढतो, हे सिद्ध झाले. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सचे ३०० हून अधिक रुग्ण आढळले. स्नानगृहांतील मोऱ्यांचे पाणी आटल्याने मलवाहिनीतील विषाणुयुक्त तुषार घरांत शिरले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. तेथे मलातील विषाणू पोटात गेला नव्हता, तर श्वासात गेला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील पहिल्या कोविडरुग्णाच्या मलातही विषाणूचा आर.एन.ए. सापडला. पुढे अनेक रुग्णांच्या बाबतीत, घशातील चाचणी नकारात्मक झाल्यावरही मलात तो काही काळ आढळत राहिला. परंतु आर.एन.ए.चा अंश म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. वर्धक चाचणी मृत विषाणूचे अवशेषही दाखविते. मलातून जिवंत विषाणू वेगळा करता आल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि मल-मुख मार्गाने कोविड पसरल्याचे सिद्ध झालेले नाही. त्याचा मुख्य मार्ग हवेचाच आहे. तथापि त्या अंशाचा उपयोग मोठा आहे. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा शोध घेतला जाऊ लागला. कोविडकाळात तीच पद्धत नव्या विषाणूसाठी वापरली गेली.

खूण आणि संसर्ग यांतील हा भेद केवळ शास्त्रीय नाही. मल संसर्गजन्य ठरला की भीतीचा पहिला भार मल वाहणाऱ्यावर पडतो, आणि आपल्याकडे तो भार जातीने आधीच ठरविलेला आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ असे दोनदा कायदे करावे लागले, यावरून तिची चिवटता कळते. सिंदीत सहकाऱ्यांनी ते काम स्वतः केले, त्याचे नैतिक मोल अबाधित आहे. मात्र आजचे ज्ञान आणखी एक मागणी करते : सफाई करणाऱ्यास हातमोजे, मुखपट्टी व हात धुण्यास पाणी हवे, आणि शक्य तेथे यंत्र हवे. पुराव्यापेक्षा अधिक भय बाळगणे हा त्याच्यावर अन्याय होईल. पुराव्याइतकीही काळजी न घेणे हा त्याहून मोठा.