शुक्रावरील ज्वालामुखींचा शोध : एका जुन्या संहितेचे पुनर्वाचन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला भूगोल शिकवीत. विहिरीच्या खोदकामातून निघालेला एक काळा दगड त्यांनी एकदा वर्गात आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा एके काळी वाहत होता." आम्ही हसलो. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने संतवाङ्मयाऐवजी शुक्र ग्रहावरील ज्वालामुखींवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. त्याचे मूळ त्या दगडात आहे.

आपले इंदूर माळव्याच्या पठारावर वसले आहे आणि हे पठार दख्खनच्या लाव्हाथरांचाच उत्तरेकडील भाग होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. आपली काळी जमीन म्हणजे त्या बेसॉल्ट खडकाचीच झीज. शुक्राचा पृष्ठभागही बहुतांशी याच जातीच्या खडकाचा आहे, हे कळले तेव्हा गुरुजींचा दगड मला पुन्हा आठवला.

शुक्राची चांदणी आपल्याला परकी नाही. तिच्या उगवण्यावरून जात्यावर बसणाऱ्या बायकांनी पहाट ओळखली आणि तिच्या अस्तामुळे लग्नांचे मुहूर्त अडले. पण दुर्बीण आल्यानंतरही तिच्या भूमीचे दर्शन कोणास झाले नाही, कारण तो ग्रह सदैव दाट ढगांनी वेढलेला असतो. जे दिसत नाही ते कल्पनेने भरून काढण्याची मानवी रीत आहे. १९१८ मध्ये स्वीडनचे थोर रसायनशास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियस यांनीही तेथे दमट, दलदलीचे, वनस्पतींनी भरलेले जग कल्पिले. १९५६ मधील रेडिओ-निरीक्षणांनी या चित्राला पहिला तडा दिला आणि १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्राजवळून गेलेल्या अमेरिकेच्या मरिनर-२ यानाने तेथील दाहकता निश्चित केली. तेथील तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट, वातावरण जवळजवळ सर्व कार्बन डायऑक्साइडचे आणि ढग गंधकाम्लाचे. आकाराने पृथ्वीची जुळी बहीण शोभावी असा हा ग्रह प्रत्यक्षात धगधगती भट्टी निघाला.

या भट्टीत प्रथम उतरण्याचे श्रेय सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा यानांकडे जाते. व्हेनेरा-७ ने १५ डिसेंबर १९७० रोजी दुसऱ्या ग्रहाच्या भूमीवरून पृथ्वीकडे पहिला संदेश धाडला. १९७५ मध्ये व्हेनेरा-९ ने तेथील पहिले छायाचित्र पाठविले. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ त्या उष्णतेत १२७ मिनिटे तगले. त्याने आणि पाठोपाठ गेलेल्या व्हेनेरा-१४ ने जमीन पोखरून मातीचे पृथक्करण केले, तेव्हा उत्तर आले बेसॉल्टसदृश खडकाचे.

तथापि एखाददुसऱ्या पानावरून ग्रंथ कळत नाही. सबंध ग्रंथ हाती आला तो मॅगेलन यानामुळे. हे यान १० ऑगस्ट १९९० रोजी शुक्राच्या कक्षेत पोहोचले आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याचा अंत झाला. त्या चार वर्षांत त्याने ९८ टक्के पृष्ठभागाचा नकाशा रडारने तयार केला. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. खडबडीत भूमी त्यांना अधिक परतविते म्हणून ती चित्रात उजळ दिसते, तर गुळगुळीत भूमी काळी दिसते. या चित्रांत लाव्हाची विस्तीर्ण मैदाने, चपट्या भाकरीसारखे घुमट आणि बाल्टिस नावाची सुमारे ६,८०० किलोमीटर लांबीची, नाईल नदीहूनही लांब अशी लाव्हाने कोरलेली वाट आढळली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूचीत तेथील लहानमोठे सुमारे ८५,००० ज्वालामुखी नोंदले गेले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोनतीन अपवाद वगळता शुक्रावरील स्थळांना स्त्रियांची किंवा देवतांची नावे देण्याचा संकेत आहे. तेथील एका उंच पठाराचे नाव लक्ष्मी आहे. सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे एक आघातविवर आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे आहे, तर दुसरे पंडिता रमाबाई मेधावी यांच्या नावाचे. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी निवर्तल्या. ज्यांना या भूमीवर रुग्णसेवेला अवधी मिळाला नाही, त्यांचे नाव दुसऱ्या भूमीवर कोरले गेले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. हे ज्वालामुखी कधी काळचे? शुक्रावर आघातविवरे थोडी, हजाराच्या आतच. त्यावरून भूगर्भशास्त्रज्ञांनी तेथील पृष्ठभागाचे सरासरी वय साधारण ३० ते ७० कोटी वर्षे ठरविले. ग्रहाच्या मानाने हे तारुण्यच. परंतु लाव्हाच्या एका महापुराने सारे झाकले आणि मग ग्रह निपचित पडला, की लाव्हा अधूनमधून वाहतच राहिला, याविषयी मोठा वाद माजला. १९७८ नंतर वातावरणातील सल्फर डायऑक्साइड घटत गेलेला दिसला, तेव्हा त्याआधी मोठा उद्रेक झाला असावा असा तर्क निघाला. युरोपच्या व्हीनस एक्स्प्रेस यानाच्या निरीक्षणांवरून २०१० मध्ये काही लाव्हाप्रवाह २५ लाख वर्षांहूनही अलीकडचे असावेत असे अनुमान मांडले गेले. हे सारे अनुमानच. प्रत्यक्ष बदल कोणी पाहिला नव्हता.

तो पाहिला गेला २०२३ मध्ये, आणि त्यासाठी नवे यान गेले नव्हते. अलास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हेरिक यांनी मॅगेलनची तीस वर्षांपूर्वीची चित्रे पुन्हा उघडली. एकच स्थळ वेगवेगळ्या फेऱ्यांत टिपलेले असे, पण दोन फेऱ्यांत रडारची दिशा भिन्न असल्याने चित्रांची तुलना यंत्राकडून नीट होईना. हेरिक यांनी सुमारे दोनशे तास डोळ्यांनी ती पडताळली. माट नावाच्या पर्वताजवळचे एक ज्वालामुख फेब्रुवारी १९९१ मध्ये जवळजवळ वर्तुळाकार आणि २.२ चौरस किलोमीटरचे होते. ऑक्टोबरमध्ये ते वेडेवाकडे आणि सुमारे ४ चौरस किलोमीटरचे झालेले आढळले. हा केवळ दृष्टिभ्रम नव्हे ना, हे पडताळण्यासाठी स्कॉट हेन्स्ली यांनी संगणकावर त्या भूमीच्या अनेक प्रतिकृती रचल्या. उद्रेकाचा निष्कर्ष त्यानंतरच मांडला गेला. माट ही प्राचीन इजिप्तची सत्याची देवता, हा योगायोगही विलक्षण. पुढे २०२४ मध्ये इटलीतील संशोधकांनी त्याच जुन्या सामग्रीतून आणखी दोन ठिकाणी १९९० ते १९९२ या काळातले ताजे लाव्हाप्रवाह दाखविले.

मित्रहो, मला हे परके वाटले नाही. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्यांचे पाठ ताडून चिकित्सक आवृत्ती तयार झाली. एकाच स्थळाच्या दोन प्रती शेजारी ठेवायच्या, भेद टिपायचा आणि तो लेखनिकाचा हस्तदोष की खरा पाठभेद हे ठरवायचे, हाच आमचा व्यवसाय. हेरिक आणि हेन्स्ली यांनी याहून वेगळे काय केले? मात्र या पद्धतीची पहिली अट अशी की दोन्ही प्रती जपलेल्या असाव्या लागतात. १९९१ ची चित्रे कोणी निरुपयोगी म्हणून पुसून टाकली असती, तर शुक्र आपल्या लेखी आजही मृत राहिला असता.

हे मी अधिकाराने सांगत नाही, अपराधी मनाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर असताना जागेच्या टंचाईमुळे जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड रद्दीत काढण्याचे ठरले. वीस वर्षांत ते कोणी मागितले नव्हते. त्या यादीवर माझी सही आहे. पुढे माळव्यातील मराठी नियतकालिकांवर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी त्यांतलेच खंड मागत माझ्याकडे आली. तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीच्या प्रती मुळातच थोड्या असतात, आणि जी प्रत आपण टाकतो ती अनेकदा शेवटची असते.

शुक्राची कथा पुढे चालणार आहे. अमेरिकेच्या व्हेरिटास आणि युरोपच्या एन्व्हिजन या मोहिमा आखलेल्या आहेत. भारताच्या शुक्रमोहिमेलाही केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली असून प्रक्षेपणासाठी मार्च २०२८ चा काळ योजिला आहे. त्या यानांनी आणलेल्या नव्या चित्रांना अर्थ येईल तो मॅगेलनच्या जुन्या चित्रांशेजारी ठेवल्यावरच.

आपल्या शाळेतही एक कपाट आहे. त्यात विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने लिहून सजविलेली जुनी हस्तलिखित वार्षिके आहेत. वाळवीने त्यांतली काही खाल्ली, काही अजून उरली आहेत. ती वर्षानुवर्षे कोणी मागितली नाहीत, हे मला ठाऊक आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती की ती टाकू देऊ नका. त्यांची सूची करा, छायाप्रती काढा. त्यांत काय दडले आहे ते आज मी सांगू शकत नाही. गुरुजींच्या दगडातही आम्हांला तेव्हा काही दिसले नव्हते.