घरी कापड छपाई, विणकाम करताय? सामान कुठं मिळतं आणि काय बघून घ्यायचं

संक्रांत जवळ आली की वाणासाठी कापडी पिशव्या, रुमाल, बटवे यांच्या ऑर्डरी गावोगावच्या बचत गटांकडे येऊ लागतात. लग्नसराईत रुखवताची तोरणं लागतात, बाळंतविड्यात लोकरीची टोपडी आणि मोजे. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवीला दुकानदारही विचारू लागले. हाताला कला आहे, गिऱ्हाईकही आहे. गाडी अडते ती सामानावर. तालुक्याच्या गावात मिळेल तो रंग आणला, मिळेल त्या कापडावर छापला आणि पहिल्याच धुण्यात रंग गेला, असं बऱ्याच जणींचं होतं. कापडाचे पैसे जातात, मेहनत जाते आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांसाठी ही माहिती. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा : आधी रुमालभर करून बघा, मग तागा घ्या.

आधी कापड ओळखा

रंग निवडायचा तो कापडाच्या धाग्यावरून. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला तरी घरी येऊन खात्री करा. कापडाचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं, त्याची कडक गोळी होते. टेरीकॉटमध्ये दोन्ही दिसतं. खरी लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो.

पिशव्यांना मांजरपाट उत्तम. पण नव्या मांजरपाटाला खळ असते, तिच्यावर रंग बसत नाही. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकून बघा. निळा-काळा डाग पडला तर खळ आहे असं समजा. रात्रभर पाण्यात भिजवून, साबणाच्या गरम पाण्यात धुऊन वाळवा. मग कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर कापड छपाईला तयार झालं. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून पिशव्यांचं माप धुतल्यानंतरच काढा.

रंग : डबी एकटी आणू नका

थोडंसं काम असेल तर फॅब्रिक कलरच्या छोट्या बाटल्या पुरतात. फेविक्रिल, कॅमल या कंपन्यांचे रंग तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात सहज मिळतात. पण शंभर पिशव्या छापायच्या असतील तर हे महाग पडतं. तेव्हा पिगमेंट रंग घ्यावा लागतो आणि त्याच्याबरोबर बाइंडर व फिक्सर घ्यावाच लागतो. नुसता पिगमेंट कापडाला धरत नाही, त्याला धरून ठेवतो तो बाइंडर. साधारण एक किलो बाइंडर पेस्टला ३० ते ५० ग्रॅम रंग पुरतो. गडद यावा म्हणून त्याहून बराच जास्त घातला तर बाइंडरला तो झेपत नाही आणि छपाई घासली की रंग हाताला लागतो. फिक्सर किती घालायचा ते बाटलीवर बघून घाला.

छापून झालं की काम संपत नाही. कारखान्यात असं कापड साधारण १५० अंश सेल्सिअसला चार-पाच मिनिटं भाजतात. घरी पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूनं, कॉटनच्या सेटिंगवर, एकेका भागावर काही मिनिटं इस्त्री फिरवायची. वाफ बंद ठेवायची. नंतर दोन-तीन दिवस कापड धुवायचं नाही.

बांधणी किंवा कापड पूर्ण रंगवायचं असेल तर रिॲक्टिव्ह रंग घ्या. हे सुती कापडावर पक्के बसतात, पण त्यांना सोडा ॲश लागतो. खाण्याचा सोडा इथं चालत नाही. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा तोच पदार्थ असला तरी त्यात पाण्याचा अंश बराच असतो, म्हणून तेवढ्याच वजनात काम होत नाही. आणि कपडे रंगवायच्या स्वस्त पुड्या ऑर्डरच्या मालाला वापरू नका, त्यांचा रंग धुताना उतरत राहतो.

एक महत्त्वाचं. नाव, कंपनी, लेबल काही नसलेली सुट्टी पावडर घेऊ नका. आरोग्याला घातक म्हणून काही ॲझो रंगांवर आपल्याकडे १९९० च्या दशकापासून बंदी आहे आणि सुट्ट्या पुडीत काय आहे ते कळायला मार्ग नसतो. टोपडी, दुपटी अशा बाळाच्या कपड्यांना तर अजिबात नको.

ठसे आणि स्क्रीन

लाकडी ठशांसाठी गुजरातमधलं पेथापूर आणि उत्तर प्रदेशातलं फर्रुखाबाद प्रसिद्ध आहे. तिथले ठसे पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणि ऑनलाइनही मिळतात. घेताना ठसा काचेवर पालथा ठेवून बघा. तो डुगडुगला तर छाप अर्धवट उठणार. कोरीव काम उथळ असेल तर रंग खाचेत भरतो आणि नक्षी लिंपते. ऑनलाइन घेताना हे बघता येत नाही, म्हणून आधी एकच मागवा. वापरून झाल्यावर ठसा लगेच ब्रशनं धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात लाकूड तडकतं.

स्क्रीन मात्र बाहेरून मागवायची गरज नाही. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत बहुतेक तालुक्याच्या गावी आहेत. तुमचं डिझाइन दिलं की ते फ्रेम तयार करून देतात. फक्त दोन गोष्टी आवर्जून सांगा : छपाई कापडावर आहे आणि रंग पाण्यातला आहे. कागदासाठीची जाळी बारीक असते, कापडाला जरा मोकळी जाळी लागते. आणि पाण्याला न टिकणारं इमल्शन लावलं असेल तर दहा-वीस पिशव्यांत डिझाइनच धुऊन जातं. रंग ओढायची रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, त्याच्याकडेच मिळेल.

लोकर आणि सूत

बाजारात आपण 'लोकर' म्हणून जी घेतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही. धुवायला सोपी, स्वस्त आणि रंगही भरपूर. पण तिच्यावर गरम इस्त्री फिरवली तर विणलेलं ढिलं आणि चपटं होतं. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. लहान बाळासाठी 'बेबी वूल' म्हणून मिळणारी मऊ लोकर मागा.

गुंड्याच्या लेबलवर रंगाचा नंबर असतो तसा लॉट नंबरही असतो. रंगाचा नंबर एकच, पण लॉट वेगळा, असं झालं तर स्वेटरच्या पाठीचा आणि बाहीचा रंग वेगळा दिसतो. लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्त, पण एकाच लॉटचा घ्या. न उघडलेला गुंडा परत घेणार का, ते आधीच विचारा.

विणायच्या सुयांचे जुने नंबर उलटे चालतात. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ आणि १२ नंबर म्हणजे २.७५. नंबर मोठा तशी सुई बारीक. नव्या सुयांवर थेट मिलिमीटर असतात, त्यामुळे दुकानात 'चार नंबर' न म्हणता 'चार मिलिमीटर' म्हणा.

सुताचंही तसंच. २/२० म्हणजे वीस काउंटचे दोन पदर पिळलेलं सूत. काउंट वाढला की सूत बारीक होतं. कोनवर विकत घ्याल तर वजनावर मिळतं, आणि १०० ग्रॅम २/२० सुतात सुमारे १,७०० मीटर लांबी निघते. क्रोशाच्या तयार गुंड्यांशी भावाची तुलना करताना वजन नको, मीटर बघा. मॅक्रमेच्या तोरणांना ३ किंवा ४ मिलिमीटरची सुती दोरी लागते.

कुठं जायचं

आपलं नशीब असं की सुताचं गाव जवळच आहे. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचं काम चालतं. तिथं सुताचा उरलेला कोन किंवा कापडाचे कट पीस किलोवर मिळतात का ते विचारून बघा, नमुने करायला तेवढं पुरतं. कापडासाठी चाटी गल्लीत फेरी मारा.

सोलापुरात नाही मिळालं तर पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटशेजारची अब्दुल रहमान स्ट्रीट हस्तकलेच्या सामानाला, आणि ठोक कापडाला मंगलदास मार्केट. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोन-तीन गटांनी यादी एकत्र करून दोघींना पाठवलं तर प्रवासखर्च वाटला जातो आणि ठोक भावही मागता येतो. हिरडा आणि तुरटी मात्र आठवडी बाजारातच घ्या, नैसर्गिक रंगकामाला ती लागतात.

घरातली काळजी

रंगाची भांडी, चमचे, वजनकाटा स्वयंपाकात परत वापरू नका. पावडर कालवताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेत. पोरं जवळ नकोत. रंगाचं पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला सोडू नका.

पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. बँकेच्या कर्जाला आणि गटाच्या हिशोबाला ते लागतं. शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (आरसेटी) मोफत प्रशिक्षण असतं. कोणते वर्ग चालू आहेत ते पंचायत समितीतल्या 'उमेद' कक्षात विचारा.

बाजाराला जाताना पर्सમાં ठेवायची यादी

- कापडाचा धुतलेला तुकडा, वीतभर
- लोकरीच्या जुन्या गुंड्याचं लेबल
- सुईचं माप मिलिमीटरमध्ये
- रंग घेतला तर बाइंडर आणि फिक्सर घेतला का?
- सुट्टं, विनालेबल काही घेतलं नाही ना?

घरी आल्यावर त्याच तुकड्यावर छापा, इस्त्री करा, तीन दिवसांनी पांढऱ्या रुमालाबरोबर धुवा. रुमाल पांढरा राहिला तर ऑर्डर घ्यायला हरकत नाही.