न दुखणारा डोळा

१९३२ सालच्या सप्टेंबरची २६ तारीख. येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींचें उपोषण सुटलें तेव्हां रवींद्रनाथ ठाकूर जवळ होते, आणि संस्कृत मंत्र म्हणण्यासाठीं तेथीलच एका कैद्यास पाचारण करण्यांत आलें होतें. हे परचुरेशास्त्री. कुष्ठरोग जडल्यामुळें त्यांस इतर कैद्यांपासून निराळें ठेवलेलें असे.

कुष्ठ म्हटलें कीं झडलेलीं बोटें लोकांच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु नॉर्वेच्या हॅन्सन यांनीं १८७३ सालीं ज्या जंतूचा शोध लावला, त्याचा खरा घाला मज्जातंतूंवर असतो. त्यास शरीराचे थंड भाग मानवतात, आणि डोळ्याचा पुढील भाग असाच थंड होय.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखें जें पारदर्शक पटल असतें, त्यांत रक्तवाहिन्या नसतात. संवेदनेचे तंतु मात्र त्वचेहून शेंकडों पटींनीं दाट असतात. धुळीचा कण लागो, कीं अश्रूंचा पातळ थर क्षणभर विरून गारवा जाणवो, हे तंतु मेंदूस तत्काळ वर्दी देतात. लगेच पापणी लवते आणि अश्रु पाझरतात. डोळ्याचा ओलावा टिकतो तो या निरोप्यांच्या जिवावर.

कुष्ठांत हे निरोपे मुके होतात, आणि पापणी मिटविणारा चेहऱ्याचा मज्जातंतूही पुष्कळदां लुळा पडतो. डोळा झोपेंतही उघडा राहतो, वाळतो, त्यावर व्रण पडतो. पण दुखत नाहीं. म्हणून रोगी वैद्याकडे येतो तो दृष्टि गेल्यावर. इतर आंधळे हातांनीं चांचपून जग ओळखतात. याचीं बोटेंही बधिर!

सामान्य कोरड्या डोळ्याची कथा नेमकी उलट क्रमानें घडते. सुश्रुतसंहितेंत ‘शुष्काक्षिपाक’ म्हणून जो रोग आहे, त्यांत पापण्या कठीण व रूक्ष होतात, डोळा उघडतांना कष्ट पडतात आणि दृष्टि गढूळ होते. येथें आधीं ओलावा आटतो, मग तंतु बिघडतात. अश्रूंतील क्षारांचें प्रमाण वाढतें, दाह होतो; तंतु प्रथम चिडतात, आग आग होते. पुढें वर्षानुवर्षें तें चाललें कीं ते विरळ होऊं शकतात. जिवंत डोळ्यांतील तंतु दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकानें हें प्रत्यक्ष पाहतां आलें, आणि २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येंत कोरड्या डोळ्याच्या कारणांमध्यें मज्जातंतूंच्या विकृतीसही स्थान मिळालें. तेव्हां जळजळ थांबली म्हणजे डोळा बरा झाला, हा समज घातक ठरूं शकतो.

परचुरेशास्त्री १९३९ सालीं सेवाग्रामला आले. गांधीजी त्यांच्या अंगास स्वतः मालीश करीत. १९४५ सालीं ते निवर्तले. गुणकारी सल्फोन औषधें तेव्हां नुकतीं कोठें वापरांत येत होतीं. अनेक औषधांचा एकत्रित उपचार १९८१ नंतरचा. जंतु मरतात, मेलेला तंतु मात्र सहसा परत येत नाहीं. म्हणून कापसाचा बारीक तंतु बुबुळाच्या कडेस लावून पापणी लवते कीं नाहीं हें डॉक्टर पाहतात, आणि ती लवत नसल्यास रोग्यास आठवणीनें डोळे मिटण्याची व रोज आरशांत डोळ्याची लाली पाहण्याची संवय लावतात.