चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो, आणि म्हणताना त्यात थोडी कीवच असते. पण युरोपात विसाव्या शतकाच्या मध्याला लोकांनी हौसेने आपले बिऱ्हाड चाकांवर चढवले. त्यांतली साठ-सत्तर वर्षांची मोडकी वाहने हुडकून काढून आज लोक पुन्हा रस्त्यावर आणतात. याला खूळ म्हणायचे की इतिहासाची सेवा, ते तुम्हीच ठरवा. मी एका गाडीची हकीगत सांगतो: फोक्सवागनच्या, दोन काचांचे कपाळ असलेल्या मोटारीची.

या गाडीचा जन्म दारिद्र्यातला. १९४५ साली जर्मनी हरला तेव्हा वोल्फ्सबुर्गचा कारखाना बाँबने पडझड झालेला होता. युद्धकाळात तिथे जिंकलेल्या मुलखांतून धरून आणलेल्या माणसांना वेठीला जुंपले होते. हेही या गाडीच्या वंशावळीत आहे, ते झाकू नये. कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला आणि मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याने तो चालू ठेवला. आतल्या आत सामान हलवायला मोटारीच्या सांगाड्यावर सपाट फळी बसवून गाडे केले होते. त्यांत माल पुढे आणि हाकणारा मागे. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याला ते फार आवडले. पण हाकणारा पुढेच बसला पाहिजे, असे त्याच्या देशातल्या अधिकाऱ्यांनी बजावले. तेव्हा २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने वहीत एक डबा काढला. चालक पुढे, इंजिन मागे, मधे माल!

चित्र काढणे सोपे. १९४९ साली पहिला नमुना केला, तर मोटारीचा तळ त्या भाराने दबला. मग तळाला लांबीभर तुळ्या देऊन सगळा सांगाडा एकसंध केला आणि मार्च १९५० पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. इंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे. आपल्या शिवारात दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांची ताकद याहून जास्त असते. १९५१ पासून वेस्टफालिया कंपनीने या गाडीत ठेवायचे लाकडी सामान विकायला काढले. दिवसा बाक, रात्री बिछाना. आठवडाभर पाव किंवा भाजी वाहावी, रविवारी तेच घर. गरिबीतून वर येणाऱ्या माणसाला अशी सोय किती मोलाची, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

अशाच गाड्यांतून पुढे तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिंदुस्थानात आली, काही थेट गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बुजली.

आता दुरुस्तीचे. या गाडीचा खरा वैरी गंज. दारांच्या उंबऱ्याखालच्या पोकळीत, चाकांवरच्या पत्र्यात पाणी मुरते आणि वरून रंग छान दिसत असताना आतून पत्रा पापडासारखा होतो. कुजलेला भाग कापून नवा जोडावा लागतो. जुना रंग खरवडला की खाली दुसरा लागतो, त्याखाली तिसरा. एखादे वेळी कुणा दुकानदाराचे नावही उमटते. शाळेच्या जनरल रजिस्टरात जशी मुलाची जन्मतारीख सापडते, तसा सांगाड्यावरच्या क्रमांकावरून कारखान्याच्या जुन्या दप्तरातून गाडीचा दाखला मिळतो.

वाद पुढेच आहे. सगळाच पत्रा बदलला तर जुने काय उरले? माझे मत विचाराल तर ब्रेक, त्यांच्या नळ्या, टायर यांत जुन्याचा हट्ट नको, तिथे जिवाशी गाठ आहे. पण बाकावरचे ओरखडे, दारावरचा पोचा, दुकानदाराचे पुसट नाव राहू द्यावे. चकचकीत करण्याच्या नादात लोक नेमका इतिहासच घासून टाकतात.

पहिली सफर जवळचीच असावी, वीस-पंचवीस किलोमीटरांची, तीही दिवसाउजेडी. कारण जुन्या गाड्यांची वीज ६ व्होल्टची आणि दिवे मिणमिणते. इंजिन वाऱ्याने थंड होते, म्हणून पाणी घालण्याची कटकट नाही. मात्र पंख्याचा पट्टा तुटला तर लगेच थांबावे आणि जादा पट्टा जवळ ठेवावा. घरी आल्यावर गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरावा आणि सकाळी तेलाचे थेंब कुठे पडले ते पाहावे. मगच लांबचा पल्ला. चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर रांगते, मागे मोटारींची रांग लागते. तेव्हा बाजूला घ्यावी, त्यांना जाऊ द्यावे आणि तेवढ्यात चहाचे आधण ठेवावे.