भरणीतल्या उल्का

दिवाळीत घरोघरी आकाशकंदील चढतात. पण याच दिवसांतली एक जुनी चाल आज फारशी कोणास आठवत नाही. सूर्य तुळेत असता चतुर्दशी-अमावास्येच्या सायंकाळी हाती पेटते पलिते घ्यावेत आणि पितरांना परतीची वाट दाखवावी, असे आपल्या धर्मग्रंथांत सांगितले आहे. या विधीचे नाव उल्कादान. हातातला पलिता आणि आकाशातून निखळणारी ज्योत, या दोहोंना संस्कृताने उल्का हा एकच शब्द दिला. खालची उल्का वर जाणाऱ्यांना वाट दाखवते. वरची उल्का म्हणजे कोण, याचे उत्तर वराहमिहिराने सहाव्या शतकात दिले आहे. स्वर्गात पुण्य भोगून संपले की जे जीव खाली येतात, त्यांचीच ती रूपे, असे तो म्हणतो.

'बृहत्संहिते'त उल्कांना एक स्वतंत्र अध्याय आहे. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे त्यांचे पाच प्रकार तेथे केले आहेत. कोणती उल्का कोठे पडली असता कोणावर संकट येते, हेही बारकाईने सांगितले आहे. निरीक्षण तेथे आहे, आणि ते चांगले आहे. पण विचारलेला प्रश्न एकच, हे कोणाला अशुभ? अमुक दिवसांत त्या दरवर्षी अधिक पडतात काय, हा प्रश्न संहितेला पडावयाचे कारण नव्हते.

मग तो गणितज्ञांना पडावयास हवा होता. भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला तो ११५० साली. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले विज्जडविड, असे ते सांगतात. हे विज्जडविड म्हणजेच बीड असे काही अभ्यासकांचे मत. दुसरे चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. गाव कोणतेही असो, ग्रंथाची शिस्त स्पष्ट आहे. ग्रहांची गती, ग्रहणे, उदयास्त, म्हणजे जे पुन्हा येते ते गणिताचे. उल्का क्षणात उजळते आणि विझते. तिचा हिशेब मांडावा तरी कसा? म्हणून ती गणिताच्या ओसरीवरून परत फिरली आणि शकुनाच्या घरी राहिली.

तिसरे एक घर होते, ते अंगणाचे. उन्हाळ्यात मराठवाड्यातला माणूस घरात कधी निजला नाही. अंगण, माळवद, खळे, जेथे वारा तेथे बाज. 'तारा तुटला, कोणाचा तरी जीव गेला,' एवढे म्हणून तो कूस बदलत असे. वराहमिहिराच्या मतापासून हे फार दूर नाही. फरक इतकाच की, अंगणाने पाहिलेले कोणी लिहून ठेवले नाही.

हा हिशेब मांडता येतो, हे जगाला कळले ते अगदी अलीकडे. १८३३ च्या नोव्हेंबरात, १२ आणि १३ तारखांमधल्या रात्री, अमेरिकेच्या आकाशातून पहाटेपर्यंत उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला. आपल्या पंचांगाने ती वेळ आश्विन अमावास्येच्या आसपासची, म्हणजे ऐन दिवाळीची. पण तिकडे पहाट होती तेव्हा आपल्याकडे दुपार, त्यामुळे तो सोहळा आपल्या वाट्यास आला नाही. सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून फाकत आहेत, हे तेथील डेनिसन ऑल्मस्टेड या प्राध्यापकांनी दाखवून दिले. पुढे १८६६ मध्ये इटलीच्या स्कियापरेल्लींनी ऑगस्टमधल्या उल्कांची वाट आणि १८६२ च्या धूमकेतूची वाट एकच असल्याचे सिद्ध केले. धूमकेतू आपल्या मार्गावर धूळ सांडत जातो. पृथ्वी दरवर्षी त्याच जागी ती वाट ओलांडते आणि धुळीचे कण सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळतात. जी पुन्हा येत नाही म्हणून गणिताने नाकारली, ती उल्का दरवर्षी ठरल्या वेळी येत होती.

येथून पुढे मात्र आपली एक फसगत झाली. उल्कावर्षावांची वर्णने आपल्याकडे आली ती युरोपच्या पुस्तकांतून. तिकडचा उन्हाळा म्हणजे ऑगस्ट. संत लॉरेन्सचे अश्रू म्हणून लोक ज्यांना ओळखत, त्या ययाती तारकासमूहातल्या उल्का त्यांच्या सुट्टीतल्या रात्रींना शोभून दिसतात. आपल्याकडे तेव्हा सूर्य आश्लेषा नक्षत्रात असतो. बीडचा शेतकरी त्या दिवसांत आकाशाकडे पाहतो तो ढगांसाठी. ढग नसतील तर त्याला झोप येत नाही, आणि असतील तर उल्का दिसत नाहीत! आश्लेषात निरभ्र आकाश मागणारा उत्सव या मातीला परवडणारा नव्हे.

आपला उन्हाळी वर्षाव निराळा आहे. तो मेच्या ५-६ तारखांच्या सुमारास, सूर्य भरणी नक्षत्रात असता, पहाटे होतो. उल्कांचा उगम कुंभ राशीत, शततारकेच्या जवळ. हा वर्षाव ध्यानात आला तो १८७० मध्ये, आणि तोही भूमध्य समुद्रावर असलेल्या टपमन नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या. यात नवल नाही. लंडनच्या अक्षांशावर कुंभ उगवते न उगवते तोच मेमधले तांबडे फुटते. जो दक्षिणेकडे सरकला त्याला तो दिसला. १८७६ मध्ये अलेक्झांडर हर्शेल यांनी या उल्कांचा संबंध हॅलेच्या धूमकेतूशी जोडला. त्याच धूमकेतूच्या धुळीतून पृथ्वी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातही जाते, सूर्याने तुळेत पाऊल टाकल्यावर. उल्कादानाचे दिवस त्याच्या जवळपासचे हा योगायोग. त्यातून अधिक अर्थ काढू नये.

आता बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागावे. मांजरसुंब्याचा घाट येण्याआधी पाली लागते. बालाघाटाच्या डोंगरातून उतरणारी बिंदुसरा येथे अडवली आहे; तिचे पाणी पुढे सिंदफणेला आणि सिंदफणेतून गोदावरीला मिळते. अक्षांश सुमारे १९. भरणीतल्या रात्री येथे कुंभ रास दोनच्या सुमारास उगवते आणि उजाडण्याआधी क्षितिज व माथा यांच्यामधला तिसरा हिस्सा चढून येते. लंडनला न मिळणारे दोन-अडीच तास पालीला मिळतात. आकाश कोरडे, वारा पडलेला. पावसाने दगा दिलेल्या वर्षी तलाव आटत आटत तळाशी गेलेला. ज्या कोरडेपणाने या जिल्ह्याला घरदार सोडून ऊसतोडीस जावे लागते, तोच कोरडेपणा वैशाखातल्या पहाटे असे आकाश देतो. गळीत हंगाम आटोपून परतलेली माणसे याच दिवसांत आपापल्या अंगणात निजलेली असतात.

पूर्व मोकळी असेल अशी टेकडी निवडावी आणि अमावास्येच्या आसपासचे वर्ष साधावे. दुर्बीण लागत नाही. या भागावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, आणि त्या राज्याच्या हैदराबादेत १९०१ मध्ये स्थापन झालेल्या निजामिया वेधशाळेने लाखो ताऱ्यांच्या जागा फोटोच्या काचांवरून मोजल्या. उल्केला तसली काच नको, दोन उघडे डोळे आणि अंधार पुरे. पहाटेच्या तासाभरात पंधरा-वीस तरी दिसाव्यात. सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाने त्या येतात, म्हणून रेघ लांब उमटते आणि मागे क्षणभर धुरकट रेंगाळते.

परंतु अंधार आता पूर्वीचा उरलेला नाही. महामार्गाचे दिवे वाढले, माळवदे जाऊन सिमेंटची छते आली, माणसे पंख्याखाली घरात निजू लागली. अंगणाने शेकडो वर्षे पाहिलेले कोणी लिहिले नाही, आणि आता लिहिणारे आहेत तर अंगणच मोडत आहे. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आकाशनिरीक्षणाची गोडी लावीत आली आहे. असे काम शहरापेक्षा खेड्यात अधिक सोपे आहे. पालीच्या शाळेतल्या मुलांनी भरणीतल्या चार पहाटे वहीत वेळ, दिशा आणि संख्या टिपून ठेवली, तर या गावाच्या इतिहासात आजवर नसलेले एक पान तयार होईल.

हॅलेचा धूमकेतू १९१० मध्ये आला, १९८६ मध्ये आला; आता तो २०६१ मध्ये येईल. आज पाटी-पुस्तक घेऊन बसलेली मुले तोवर आजोबा-आजी झालेली असतील. त्यांच्या हाती मधल्या वर्षांच्या वह्या असाव्यात.