भिजलेले धान्य : विल्हेवाटीच्या निविदा व न्यायालयीन वाद

पुराच्या पाण्याने माणसांच्या खाण्यास अयोग्य ठरलेले सरकारी धान्य जाहीर निविदेने किंवा लिलावाने विकताना देकारदार आणि विक्रेते कार्यालय यांच्यात होणारे वाद. धान्य भारतीय अन्न महामंडळाचे, राज्याच्या पुरवठा विभागाचे किंवा वखारीत ठेवलेले असू शकते. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा व कृष्णाकाठच्या करवीर, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांना २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापुराचा फटका बसला. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट धरली जाते. शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडल्याने दोन्ही वेळा वाहतूक अडली. ओल्या धान्याच्या बाबतीत असा प्रत्येक दिवस किमतीतून वजा होतो, आणि या वादांचे वेगळेपण त्यातच आहे.

प्रतवारी : पाणी ओसरल्यावर पंचनामा होतो. थप्पीचे खालचे थर भिजलेले आणि वरची पोती कोरडी असतात. कोरडा माल आधी वेगळा काढला जातो. उरलेल्या धान्याची अन्न महामंडळाच्या पद्धतीत चांगल्या दाण्यांच्या प्रमाणावरून वर्गवारी होते. पशुखाद्याचे तीन वर्ग, त्याखाली औद्योगिक वापर, मग खत, आणि माल कशाच्याच लायकीचा नसेल तर पुरून टाकणे, असा हा उतरता क्रम आहे. नमुना घेतला त्या दिवशीचा वर्ग माल उचलण्याच्या दिवशी टिकेलच असे नाही. बुरशी वाढते, दाण्यांना मोड येतात आणि पशुखाद्य म्हणून घेतलेला माल खताच्या लायकीचा उरतो.

वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ नुसार नमुन्यावरून विक्री झाली असेल तर सगळा माल नमुन्याशी जुळला पाहिजे. निविदेत मात्र ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट असते, आणि कलम ६२ अशा अटीला वाव देते. त्यामुळे देकारदाराचा भर कलम २६ वर राहतो : ज्या पक्षाच्या चुकीमुळे ताबा लांबला, त्या चुकीविना टळू शकणारे नुकसान त्यानेच सोसायचे. उचल-आदेश कोणत्या तारखेला निघाला आणि वाहने गोदामाच्या दारात कधी आली, यावर असे प्रकरण बहुधा फिरते.

पात्रतेच्या अटी : स्वस्तात विकलेले खराब धान्य पॉलिश होऊन पुन्हा खाण्याच्या बाजारात येण्याची भीती असते. म्हणून देकार पशुखाद्य उत्पादक, आसवनी, स्टार्च कारखाने अशा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपुरते मर्यादित ठेवतात आणि अंतिम वापराचे हमीपत्र घेतात. गोकुळ, वारणा यांसारख्या दूध संघांच्या जिल्ह्यात पशुखाद्याची बाजारपेठ मोठी आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब धान्यापासून इथेनॉल करण्यास मोकळीक दिल्याने आसवन्यांचीही स्पर्धा वाढली. परवान्याची मुदत किंवा अनुभवाचा दाखला यावरून बाद झालेला देकारदार संविधानाच्या अनुच्छेद १४ चा आधार घेतो. रमण दयाराम शेट्टी खटल्यात (१९७९) मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, स्वतः घातलेली पात्रतेची अट प्राधिकरणाला मनाला येईल तशी सोडता येत नाही. तत्त्व जिंकले, पण अर्जदार उशिरा आला आणि दरम्यान ठेका मिळालेल्याने खर्च करून टाकला होता, म्हणून त्याच्या पदरात काहीच पडले नाही.

कामधेनू खटला : या विषयावरचा मुख्य निवाडा म्हणजे भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध कामधेनू कॅटल फीड इंडस्ट्रीज (नोव्हेंबर १९९२). महामंडळाने खराब धान्याच्या विक्रीसाठी निविदा मागवल्या. कामधेनूचा देकार सर्वांत वरचा होता. पण महामंडळाला ती रक्कम अपुरी वाटली आणि त्याने सगळ्याच देकारदारांना वाटाघाटीस बोलावले. कामधेनूने दर वाढवण्यास नकार दिला. इतरांकडून सुमारे २० लाख रुपये अधिक मिळणार होते. उच्च न्यायालयाने कामधेनूच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्या. जे. एस. वर्मा यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे की, सर्वांत वरचा देकार म्हणजे विक्रीचा हक्क नव्हे. देकारदाराची रास्त अपेक्षा एवढीच, की त्याचा विचार मनमानीने होऊ नये. ती सर्वांना समान संधी दिल्याने पूर्ण झाली. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९८ मध्ये निविदेनंतरच्या वाटाघाटी पहिल्या क्रमांकाच्या देकारदारापुरत्या मर्यादित केल्या. खरेदी डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा नियम विक्रीला कितपत लागू होतो, याविषयी मतभेद आहेत. राज्याची पुरवठा कार्यालये आयोगाच्या थेट कक्षेत येत नाहीत.

अंतरिम स्थगिती : व्यवहारात खटल्याचा निकाल येथेच लागतो. स्थगिती मिळाली की माल कुजतो. मिळाली नाही की माल विकला जातो आणि याचिकेत नुकसानभरपाईखेरीज काही उरत नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या निविदेवरील रौनक इंटरनॅशनल खटल्यात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, स्थगिती देण्यापूर्वी जनहित तोलावे आणि ती मिळवणाऱ्याने परिणामांचीही जबाबदारी घ्यावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ६ खाली नाशवंत माल विकून पैसे न्यायालयात ठेवता येतात. जप्त धान्यापुरता असाच अधिकार जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ६अ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. माल विकून पैसे राखून ठेवण्याचा हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे.

बयाणा रक्कम : माल न उचलल्यास ती जप्त होते. मौला बक्ष खटल्यात (१९६९) लष्कराला बटाटे व इतर जिन्नस पुरवणाऱ्या ठेकेदाराची अनामत सरसकट जप्त करणे अमान्य झाले. खऱ्या अर्थाने बयाणा असलेल्या वाजवी रकमेला मात्र ती मर्यादा लागू नाही.

मोफत वाटप : पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) खटल्यात ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धान्य सडू देण्यापेक्षा गरिबांना द्यावे, असे म्हटले. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी ती सूचना असल्याचे सांगितल्यावर न्यायालयाने तो आदेशच असल्याचे स्पष्ट केले. अयोग्य ठरलेल्या धान्याला हा आदेश लागू होत नाही.

व्यापाऱ्यांचा माल : खासगी मालाचे वाद या विषयाबाहेरचे असून ते विमा सर्वेक्षक व ग्राहक आयोगाच्या कक्षेत येतात.

न्यायालय : बयाणा परतीचा दावा जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयात चालतो. निविदा प्रक्रियेविरुद्धची रिट याचिका पूर्वी मुंबईत दाखल करावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या अधिकारक्षेत्रात येतात.