अंतर्गळ-शस्त्रक्रियेनंतरची सूज व तिचा प्रतिबंध

जांघेतला अंतर्गळ (हर्निया) दुरुस्त केल्यावर जांघेत आणि पुरुषांमध्ये वृषणकोशापर्यंत येणारी सूज. थोडी सूज व काळेनिळेपणा नेहमीचाच असतो. लस साचली तर सिरोमा, रक्त साचले तर रक्तगाठ. नागपूरच्या कळमना बाजारात धान्य-मिरचीची पोती वाहणाऱ्या हमालाला मात्र सूज दिसताच अंतर्गळ परत आल्याची धास्ती वाटते, कारण त्याची रोजी पाठीवरच्या ओझ्यावर चालते.

प्रतिबंध : मुख्य काम शस्त्रक्रियागृहातच होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय आधी डॉक्टरांकडून घ्यावा. स्वतःहून बंद करू नयेत. ऊती हळुवार सोडवाव्यात, बारीक रक्तवाहिन्याही नीट बंद कराव्यात. वृषणकोशात उतरलेली अंतर्गळाची मोठी पिशवी पूर्ण सोलण्याचा हट्ट धरू नये. तिचा खालचा भाग उघडा ठेवून जागीच सोडावा. सोलण्याच्या अट्टहासात रक्तगाठ होते, वृषणाचा रक्तपुरवठाही धोक्यात येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत थेट (डायरेक्ट) अंतर्गळ मोठा असेल तर सैल पडलेले आवरण आत ओढून टाचतात. त्यामुळे लस साचायला पोकळी कमी राहते. निचऱ्याची नळी सरसकट घालत नाहीत.

घरी लंगोट किंवा आधारपट्टी, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, आणि पहिल्या दिवसापासून चालणे. लंगोट व बर्फाचा पुरावा तोकडा असला तरी आराम पडतो. बद्धकोष्ठ व खोकला आवरावा.

जाळी : धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी दुरुस्तीत आधारासाठी बसवल्या जाणाऱ्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. ग्रामीण शल्यचिकित्सेतील हे मोठे काम आहे. युगांडातील चाचणीत (२०१६) अशी स्वस्त जाळी व बाजारातील जाळी यांचे निष्कर्ष वर्षभरानंतर जवळपास सारखे आले. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांची पद्धत (२००१) जाळीविना, पोटाच्या स्नायुपटलाचीच पट्टी वापरते. तिच्या स्थानाविषयी मतभेद आहेत.

ओझे : २०१८ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे त्रास नसेल तर लवकर कामाला लागण्यास हरकत घेत नाहीत. पोत्यांच्या कामासाठी मात्र अनेक शल्यचिकित्सक चार ते सहा आठवडे थांबवतात.

सिरोमा बहुधा काही आठवड्यांत आपोआप जिरतो. सुईने उपसण्याची घाई करू नये. सुईवाटे जाळीपर्यंत जंतुसंसर्ग पोहोचू शकतो. सूज झपाट्याने वाढली, ताप आला, जखम लाल झाली, वृषण फार दुखले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय (नागपुरात मेयो किंवा मेडिकल) गाठावे.